लाल डोळ्यांनी

डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध आज पहिल्यांदा घातलं. तो गार ओलावा पसरला आणि मला नव्वदीतलं पेणचं आमचं घर आठवलं.

तेव्हा मी रामवाडीतल्या एका कारखान्यात गणपतींचे डोळे रेखायचे. रेघ हलू नये म्हणून पापणीसुद्धा मिटायचे नाही. हंगामात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. नेमकं त्याच दिवसांत रोह्याहून मुलाकडचे मला बघायला येणार होते.

डोळे लालभडक झालेले. आईने थंड दुधात भिजवलेला कापूस डोळ्यांवर ठेवला, पण मला पडून राहवेना. पुन्हा पुन्हा उठून आरसा बघत होते.

"पड गो जरा गप," आई म्हणाली. "येतील आता माणसं."

आली. चहा घेताना मुलाच्या आईने मला निरखून पाहिलं.

"रडलीस व्हय गो? मनात नाय तर आताच सांग."

बाबांनी कप खाली ठेवला.

"नाय," मी म्हटलं. "गणपतीचे डोळे काढते. त्यानं होतात असे."

त्या हसल्या नाहीत. जवळ येऊन बसल्या, पदराचा बोळा केला, त्यात तोंडाची ऊब फुंकली आणि सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांवर धरला. सकाळपासून पहिल्यांदा खुपणं थांबलं.

तेव्हा मला फक्त लाज वाटली होती. मुलाकडे तर मी धड पाहिलंही नव्हतं. आज वाटतं, त्या घरात जायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, डोळे मिटलेले असताना.