खिशातला पेनड्राइव्ह
चूक माझीच होती, आणि मी ती आठ वर्षं लपवली. परवा मुलीने कॉफी पुढे केली, तिच्या मनगटावरचा पांढरा वण दिसला आणि बनशंकरीच्या घरातली ती दुपार पुन्हा समोर उभी राहिली. सुटे भाग जोडून मी घरीच एक कॉम्प्युटर बनवला होता आणि त्यावर मॅकओएस चढवली होती. मागे खोचलेल्या पेनड्राइव्हशिवाय तो सुरूच होत नसे. त्या दिवशी मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी केलेली फिल्म पाचच्या आत पाठवायची होती, आणि पडद्यावर सुरू होतानाचं सफरचंदाचं चिन्ह उमटेना. मी रॅम काढून परत बसवली, केबली उपटल्या, पत्र्याच्या कडेने बोट कापलं तसा भडकलो. "काय उचकलंस यात?" "मी हात नाही लावला, अण्णा. स्वल्प शांत व्हा ना," ती इथल्या कानडीतला 'जरा' मिसळून म्हणाली. मी तिच्या कानाखाली वाजवली आणि कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लाथ घातली. त्याची बाजूची काच फुटून उडाली, तिच्या मनगटातून रक्ताची धार लागली. बायको तिला दवाखान्यात घेऊन धावली. फरशी पुसायला वाकलो, तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशातून पेनड्राइव्ह त्या रक्तात पडला. सकाळी जयनगरला प्रिंट काढायला मीच नेला होता. मी तो धुऊन, पुसून खोचला आणि कॉम्प्युटर सुरू झाला, पण पाच वाजून गेले होते. टाके घालून ती परतली तेव्हा मी म्हणालो, "तुझ्याच धक्क्याने रॅम सैल झाली होती." ती मान खाली घालून "सॉरी, अण्णा" म्हणाली. परवा मी कॉफी खाली ठेवली, तिचं मनगट हातात घेतलं आणि म्हणालो, "पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. तेव्हाचं सॉरी माझं होतं. मला माफ कर."