बिनपिस्टनची लाल गाडी

माझ्या परसात ऑइलचे रिकामे डबे साठत गेले आणि डोक्यात या लाल गाडीचे किस्से. डबे भंगारवाला नेतो. किस्से मलाच खपवावे लागतात!

जपानी स्पोर्ट्स कार, रोटरी इंजिनाची; म्हणजे पिस्टन-सिलिंडर नाहीतच, आत तिकोन गरगर फिरतो. नव्वदच्या दशकात आमच्या यजमानांनी हौसेनं घेतली, कागदावर नाव धाकट्या भावाचं घातलं आणि दोन वर्षांत स्वतः वारले. दीर म्हणाले, "वैनी, इकून टाकू. बाईमाणसाला झेपायची न्हाय." मी सातवी पास. डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी मॅन्युअल वाचून काढलं. नाव कुणाचं का असेना, गाडी माझ्याच दारात राहणार होती!

*

उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं पहिल्यांदा इंजिन खोललं. आत तिकोनी लोखंड, बाकी काही नाही. घाम पुसत म्हणाला, "वैनी, पोलिसात जावा. कुणीतरी पिस्टन काढून नेल्यात!"

*

हे इंजिन थोडं ऑइल जाळतंच, घडणच तशी. पेट्रोल भरताना मी ऑइलही ओतायची. पंपावरचा म्हणाला, "मावशी, ऑइल पितंय. इंजिन गेलं!"

"तू दिवसाला धा चहा पितोस. गेलास का?"

*

पासिंगच्या साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. "सिलिंडर किती?"

"एकबी न्हाय."

"मग गाडी चालते कशी?"

"बसा की, दावते."

हायवेवर एक चक्कर मारून आलो. साहेबांनी आधी पाणी मागितलं, मग पेन माझ्या हातात दिलं. "काकू, तुम्हीच भरा!"

*

त्या तिकोनाच्या टोकांच्या पट्ट्या झिजल्या. लेथवरचा टर्नर म्हणाला, "हे जपानचं काम, वैनी. हितं व्हायचं न्हाय."

"जपान्याला बोटं किती असत्यात रं?"

"धाच की."

"मग?"

आठवड्यात पट्ट्या बसल्या. गाडी पहिल्या चावीला उठली, तेव्हा टर्नर स्वतःच्याच बोटांकडे बघत होता!

*

दीर काही हटेनात. एका रविवारी सांगलीचं गिऱ्हाईक घेऊनच आले.

त्या सकाळी मी गाडी धुवायला म्हणून शेडमधून अंगणात काढली. दहा पावलं चालवली आणि लगेच बंद केली. थंड असताना असं बंद केलं, की या इंजिनात पेट्रोल साचतं. मग ते लवकर उठत नाही.

पाव्हण्यानं चावी फिरवून फिरवून बॅटरी उतरवली. भाऊजींनी धक्का मारला, तरी गाडी उठेना. पाव्हणा चहासुद्धा न घेता गेला!

"भंगार हाय ही, वैनी!" भाऊजी धापा टाकत म्हणाले. "तुमच्या नावावर करून देतो, मला हिचं नखबी नको!"

"बरं, भाऊजी."

सोमवारी त्यांनी सह्या केल्या. मंगळवारी मी बॅटरी चार्ज करून आणली, प्लग काढून वाळवले आणि त्यांच्या दारात जाऊन हॉर्न वाजवला.

"भाऊजी, बसा की! पन्हाळ्याला भजी खाऊन येऊ."