पंचावन्न किलो ज्वारी

धम्मानंदला 'अंदाजे' हा शब्द ऐकवत नाही. धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यात तेवीस वर्षं तो तपासणी खात्यात आहे. जाडी मोजायचं व्हर्नियर खिशात घालूनच हिंडतो आणि केसभर फरक निघाला तरी अख्खा लॉट परत पाठवतो. बरं, कारखान्यात ठीक आहे हो, पण घरीही तेच! चहात साखर किती घालू विचारलं तर ग्रॅममध्ये उत्तर. कुणाकडं सहाला येतो म्हणाला आणि पाच मिनिटं आधी पोचला, तर सहा वाजेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहणार. असल्या माणसाबरोबर सव्वीस वर्षं संसार केला म्हणून सुकन्याला खरं तर एखादी पदवी अशीच द्यायला हवी होती.

पण तिला ती परीक्षा देऊनच हवी होती. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. लेक आरुषी नोकरीला लागून बेंगळुरूला गेली, त्याच आठवड्यात सुकन्यानं मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. आता शेवटचं वर्ष. धम्मानंदनं पदवीच्या चौकटीची जागा गेल्याच वर्षी टेपनं मोजून भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. येणारा जाणारा विचारायचा, हा नुसता खिळा कशाला हो? हा गालातल्या गालात हसायचा.

क्लास धारवाडात, मळमड्डीत, संध्याकाळचा. सुटायचा सातला आणि घराकडची बस निघून जायची साडेसहाला. घर अळणावरच्या रस्त्याला, धारवाडपासून अकरा किलोमीटर. त्यामुळं धम्मानंद कारखान्यातून सुटला की मोटारसायकल घेऊन तिला आणायला जायचा. गाडी आहे तर क्लास आहे, नाहीतर घरी बसा, असा सगळा मामला.

गाडी सतरा वर्षांची. तिचा दिवा पेटलाय की नाही ते खाली उतरून बघावं लागे. डिसेंबरात एका संध्याकाळी रस्त्यात बसलेली म्हैस दिसली ती पार जवळ गेल्यावर. ब्रेक करकचून लागला, सुकन्या किंचाळली, म्हैस मात्र जागची हलली नाही. दुसऱ्याच दिवशी धम्मानंदनं हुबळीहून पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणला आणि स्वतःच्या हातानं बसवला.

काय उजेड पडला म्हणता! धम्मानंदची छाती दोन इंच फुगली. तेवढ्यात समोरून येणारा पहिला स्कूटरवाला ओरडला, "ए अण्णा, लाईट डिम माड्री!" दुसरा ओरडला. तिसऱ्या ट्रकवाल्यानं तर याच्याच डोळ्यांवर फुल लाईट मारला. "डिमच आहे री!" धम्मानंद घसा फोडून सांगत होता, पण ऐकतंय कोण? खरं म्हणजे जुन्या बल्बचा उजेडही वरच जात असणार, पण त्या मिणमिणत्या दिव्याची दखल कोण घेतंय? आता नवा बल्ब लोकांच्या थेट डोळ्यांत घुसत होता.

रविवारी अंधार पडता पडता धम्मानंदनं घरासमोरच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीपुढं गाडी उभी केली. चाकांत हवा मोजून भरली. गवंड्याकडून पातळी बघायची पाण्याची नळी आणली, दिव्याच्या मधोमध जेवढी उंची तेवढ्यावर खडूनं भिंतीवर रेघ मारली, तिच्याखाली दोन इंचांवर दुसरी. मग स्वतः गाडीवर बसला आणि दिव्याखालचा स्क्रू फिरवत उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आणून टेकवली. सुतासारखी सरळ.

गिरणीवाली मंगला केसांत पीठ घेऊन दारात उभी राहून बघत होती. "अण्णा, सुकन्याक्का हवेत बसून येणार काय?"

"म्हणजे?"

"माझ्या मोपेडवर मागं पोतं टाकलं की मागची बाजू बसतीय आणि दिवा आभाळ बघतंय. मागचं वजन कुठाय तुमचं? बोलवा की अक्काला."

धम्मानंदचं तोंड बघण्यासारखं झालं. तेवीस वर्षं तपासणीत आणि एवढं सुचू नये! पण सुकन्या आत अभ्यासाला बसली होती. "तिला उठवायला नको. वजन मला ठाऊक आहे. पंचावन्न."

मंगलानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्या घराकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून गप्प बसली. तिच्या काट्यावर पंचावन्न किलो ज्वारी तोलली गेली. धम्मानंदनं शेवटची मूठ दाणा दाणा करून सोडली. मग पोतं सीटवर करकचून बांधलं, पुढं स्वतः बसला आणि स्क्रू पुन्हा फिरवला.

सोमवारी ओरडा कमी झाला, पण थांबला नाही. आणि घराच्या अलीकडं एक मोटारसायकलवाला थेट गाडी वळवून मागं आला. आडवा होऊन कन्नडमधनं असा काही बोलला की बस्स. जाता जाता म्हणाला, मागं बसलेल्या बाईला तरी अक्कल नको?

 घरी आल्या आल्या पुस्तकांची पिशवी सुकन्यानं कपाटाच्या माथ्यावर फेकली. "उद्यापासून मी येत नाही. लोकांच्या शिव्या खात खात कसली पदवी? नको मला ती!"

"अगं, परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय."

"येऊ दे. एवढी वर्षं अडलं नाही, आता काय अडतंय?"

 जेवताना धम्मानंदची नजर सारखी त्या खिळ्याकडं जात होती, आणि त्याला जेवण गेलं नाही.

मंगळवारी ती खरंच क्लासला गेली नाही. दिवेलागणीला धम्मानंद पुन्हा गिरणीपुढं. पुन्हा ज्वारी, पुन्हा पोतं. कुठं चुकतंय तेच कळत नव्हतं. सुकन्या दळण न्यायला आली आणि गाडीवर बांधलेलं पोतं बघून थबकली. "हे काय?"

धम्मानंद स्क्रूकडं बघत राहिला. मंगलाच्यानं आता राहवलं नाही. "ह्या तुम्ही, अक्का."

सुकन्यानं पोत्याभोवती एक फेरी मारली. "ही मी? किती किलोची?"

"पंचावन्न," धम्मानंद पुटपुटला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मोजलंय. अंदाजे नाही." त्यानं पाकीट काढलं. आतल्या कप्प्यातून एक जाड कागदाचं तिकीट निघालं, कडा मऊ पडलेलं. अळणावर स्टेशनवरच्या वजनाच्या मशिनचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी गाडीची वाट बघताना सुकन्या त्या मशिनवर चढली होती. पंचावन्न, स्वच्छ छापलेलं.

तिनं ते उलटं सुलटं करून बघितलं. "अहो, कारखान्यात मापांची तपासणी किती दिवसांनी करता?"

"सहा महिन्यांनी."

"आणि मुदत संपलेल्या मापानं कुणी काम केलं तर?"

"काम थांबवतो. लॉट परत."

"मग हे माप सव्वीस वर्षं तसंच चालवलंत!"

"मला फरक कळला नाही गं," तो म्हणाला. "मागं बसतेस तेव्हा अजून जड लागत नाहीस तू."

मंगलानं तोंडाला पदर लावला. सुकन्या तडक घरात निघून गेली. आता संपलं सगळं, असं धम्मानंदला वाटलं. तो पोतं सोडायला लागला.

ती परत आली ती खांद्याला पुस्तकांची पिशवी अडकवून. सरळ जाऊन मंगलाच्या काट्यावर उभी राहिली. "वाच गं मंगला. मोठ्यानं वाच, गल्लीला ऐकू जाऊ दे."

"ब्याऐंशी किलो चारशे!"

"त्यात सहा किलो पुस्तकं," सुकन्या म्हणाली. "लिहून घ्या."

धम्मानंदनं पोतं उतरवलं आणि ती गाडीवर मागं बसली. मागची बाजू खाली गेली, भिंतीवर उजेड वर चढला आणि तो कुणाच्या डोळ्यांत जात होता ते धम्मानंदला उघड दिसलं. पुढं बसून त्यानं स्क्रू फिरवला. कड हळूहळू उतरली आणि खालच्या रेघेवर येऊन थांबली.

"ते तिकीट टाका आता," सुकन्या म्हणाली.

"रद्द झालेली मापं आम्ही टाकत नाही," म्हणत त्यानं ते पाकिटात परत ठेवलं. मग खिशातून कारखान्यातल्यासारखं एक छोटं स्टिकर काढून दिव्याच्या बाजूला चिकटवलं. 'तपासले' पुढं आजची तारीख घातली. 'पुढील तपासणी' पुढं सहा महिन्यांनंतरची तारीख घालायला पेन टेकवलं, तोच मागून सुकन्यानं हात लांब करून पेन काढून घेतलं. गाडीवरून उतरून, दिव्याशी वाकून, ठळक अक्षरांत तिनं लिहिलं, 'खिळ्यावर चौकट लागल्यावर.'