एस्तेरकाकूंची पहाटेची उपासना

ईस्टरच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांत आधी एस्तेरकाकू उठत. येशूच्याही आधी, असं वडील चेष्टेनं म्हणत. काकू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. वर्षभर आमच्या मुरुम गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, आणि सणाला सोलापूर-पुण्याहून येऊन धडकणाऱ्या आम्हा बावीस जणांच्या पुरणपोळ्या करायच्या.

आमचा रिवाज असा, की अंधार असतानाच कबरस्तानात जायचं, आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायच्या. उजाडताना पाळकसाहेबांनी "प्रभू उठला आहे" म्हटलं, की सगळ्यांनी एका आवाजात "खरोखर उठला आहे" म्हणायचं. मग घरी येऊन गरम पोळीनं चाळीस दिवसांचा उपास सोडायचा. पोळी गरम हवी म्हणजे चुलीपाशी कुणीतरी हवं. लग्न होऊन आल्यापासून ते कुणीतरी काकूच होत्या. मसाले घेऊन येशूच्या थडग्याकडं गेलेल्या बायांची गोष्ट निघाली, की त्या म्हणत, "त्या बायाबी तिथं कामालाच गेल्या व्हत्या. देव भेटला ते वरचं."

उजाडतानाची ती उपासना एकदा तरी ऐकायची आहे, असंही त्या दरवर्षी बोलून दाखवत. आणि आम्ही दुसरी पोळी ताटात ओढत "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत असू. अगदी मनापासून म्हणत असू, याचीच आता जास्त लाज वाटते.

काका गेले त्यानंतरच्या ईस्टरला मी हट्टच धरला. परत आल्यावर पोळ्या आम्ही करू, तुम्ही चला. काकूंनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. काकांच्या कबरीवर मेणबत्ती लावली, शेजारच्या भिंतीला टेकून बसल्या आणि पहिलं गीत संपायच्या आत झोपी गेल्या. उजाडलं. पाळकसाहेब म्हणाले, सगळी मंडळी म्हणाली, पण काकूंची मान छातीवर तशीच. मी उठवायला निघालो तर आईनं माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाली.

तोंडावर ऊन आलं तेव्हा त्या जाग्या झाल्या. झालं का, म्हणून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"नगं बाबा," काकू म्हणाल्या. "लई गाढ लागली. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला कुणी उठवलं न्हाय."

घरी आलो, तर डाळ भिजत घालायची कुणालाच आठवण राहिली नव्हती. लुगडं बदलून काकूच चुलीपुढं बसल्या. जेवणं दोनला झाली.

गेल्या थंडीत काकू न्यूमोनियानं गेल्या. कबरीपाशी पाळकसाहेबांनी वाचलं, कर्णा वाजेल आणि मेलेले उठतील. सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून काही ते निघेना. विश्वास नाही असं नाही. पण त्या दिवशी देवानं आधी आम्हाला उठवावं. आम्ही डाळ शिजवू, पुरण वाटू, पोळ्या लाटू. काकूंना सगळ्यांच्या शेवटी हाक मारावी, तीही ऊन चांगलं वर आल्यावर.