बाळ्याचा कॉडरायचा कोट

पेण स्टेशनला रोह्याची गाडी पकडली. मांडीवर पिशवी, पिशवीत कॉडरायचा कोट (उभ्या धाऱ्यांचं जाड कापड, हात फिरवला की नांगरलेलं शेत). कोट माझा नाय, बाळ्याचा. रोह्याचा माझा दोस्त. मुलगी बघायला जायचं म्हणून मागून आणलेला. भर एप्रिलात एवढा जाड कोट! घाम टपटप चहात पडला. मुलीचा बाप बोलला, "पावनं, ताप भरलाय काय?" लग्न जमलं नाय, कोट मात्र माझ्याकडंच राहिला. बाळ्यानं विचारलं तर सांगितलं, हरवला.

आता बाळ्याच गेला. महिना झाला. दहाव्यालापण मी तोंड दाखवलं नाय. आज त्याच्या बायकोला खरं सांगायचं, बास.

कासूला वालाचं गाठोडं घेऊन एक म्हातारी चढली. समोर बसली.

"मान खाली घालून काय बसलास रं? चोरी केल्यासारका?"

"केलीच हाय, मावशे."

खदखदून हसली. माझं खरं कुणाला खरं वाटतच नाय.

रोह्याला वहिनीनं भाकरी नि वालाची उसळ वाढली. मी पिशवी पुढं सरकवली.

"वहिनी, कोट हरवला नव्हता. मीच ठेवलेला. बाळ्याला खोटं बोललो."

तिनं कोट बाहेर काढला. मला वाटलं, आता तोंडावर फेकणार.

"भावजी, बाराव्याला त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले. रीतच हाय ना. एक बनियनपण उरला नाय घरात."

कोट तिनं नाकाला लावला. मी मेलो! त्याला वास माझ्या घामाचा नि डांबरगोळ्यांचा. तिचं बोट धाऱ्यांवरनं खाली गेलं, उजव्या कोपराशी थांबलं. तिथल्या धाऱ्या झिजून टक्कल पडलेलं.

"इथं टेकून बसायचे ना? पेपर वाचताना?"

वहिनी माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी बोललो.

येताना पिशवी रिकामी. नागोठण्याला खिडकीत कोपर टेकलं नि दचकून काढलं. ते टक्कल माझंच. कितीतरी थंड्या टपरीच्या फळीला टेकून मीच घासलेलं. बाळ्यानं तो कोट दोनदा घातला असंल, नसंल.

एक खोटं कबूल करायला गेलो नि दुसरं वहिनीच्या हातात देऊन आलो. पण हे कबूल करायला मी पुन्हा गाडीत बसणार नाय.