कोंदणातली कीड

उद्या सकाळी सात वाजता माझी लेक भट्टी पेटवणार आणि स्वतःच्या हातचे चाळीस हार वितळवून टाकणार. संध्याकाळी फोनवर तिनं हे सांगितलं, ते दूध उतू गेलं म्हणावं इतक्या सहज. रडली असती तर बरं झालं असतं.

तिचे बाबा तिला खारूताई म्हणतात. शाळेतून आली की दप्तरात पुस्तकांपेक्षा शेंगा आणि साली जास्त. मोठेपणी तेच तिचं काम झालं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खिडकीशी टेबल, त्याखाली चांदीचा कीस झेलायला बांधलेलं चामडं. आपल्याच भागातल्या झाडांखाली पडलेल्या बिया वेचायच्या आणि चांदीच्या कोंदणात बसवायच्या. बीला भोक नाही, रंग नाही.

"अगं, निदान वॉर्निश तरी लाव."

"आई, मला कधी तोंडाला रंग फासून शाळेत पाठवलंस का?"

पथ्य एकच. कोंदणात जाण्याआधी बिया पंधरा दिवस गोठवायच्या, म्हणजे आतली कीड आणि अंडी मरतात. तिच्या खोलीत फ्रीज नाही, म्हणून डबा आमच्याकडे. "लोक दागिने तिजोरीत ठेवतात, आपण मटारशेजारी," असं हे म्हणायचे.

अडीच महिन्यांपूर्वी तिनं प्रदर्शनाच्या हारांसाठी डबा ठेवला. चांदीचं काम झालं होतं, फक्त बिया बसवायच्या होत्या. दुसऱ्याच दिवशी माझा भाऊ सहकुटुंब आला. फ्रीजमध्ये तीळ ठेवायला जागा उरली नाही. मी डबा काढून ओट्यावरच्या फळीवर ठेवला. पाहुणे तेरा दिवस राहिले. ती डबा न्यायला येणार, त्याच्या आदल्या रात्री मी तो परत आत सरकवला. सकाळी तिनं हातात घेतला तेव्हा तो छान गार होता. मी काही बोलले नाही. बियाच तर होत्या.

सगळे हार विकले गेले. महिन्याभरात पहिला परत आला. बीला टाचणीएवढं गोल भोक, डबीत पिठासारखा भुगा. मग आणखी दोन, मग सात. एका बाईंच्या गळ्यावरून भर मीटिंगमध्ये भुंगेरा चालत गेला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी सगळेच हार परत मागवले. "काम सुंदर आहे हो तुमचं, पण इतकं जिवंत नको," असं म्हणाल्या.

खारूताईला वाटतंय, तिची पद्धतच चुकली. "सात वर्षं मी नशिबानं वाचले, आई. मला बी कळतच नाही." उद्या हार वितळले की ती खोलीची किल्ली मालकाला देणार. सोमवारपासून साच्यातल्या अंगठ्यांच्या कारखान्यात नोकरी.

खरं अगदी जिभेवर आलं होतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. आवाजावरून कळत होतं, जेवली नव्हती.

मघाशी यांना उठवून सगळं सांगितलं. ते उठून बसले. चष्मा शोधला, घातला, परत काढला.

"आता सांगून काय होणार? बिया तर किडल्याच."

"बिया बदलता येतात. चांदीला काय झालंय? आणि चूक तिची नाही, हे तरी तिला कळेल."

"तुझं तोंड बघणार नाही ती."

"नको बघू दे."

"मग सकाळी सांग."

"सकाळी कधी? मूस तापल्यावर?"

त्यांनी चष्मा परत घातला.

डबा बाहेर काढला, ते ती एक वेळ सोडून देईल. पण हार एकेक करून परत येत होते, ती रात्र रात्र स्वतःच्या वह्या तपासत होती, आणि मी तिला "होतं असं कधीकधी" म्हणत होते. हे ती विसरायची नाही. मीही विसरले नसते. एकेका हाराच्या देठांवर, पानांच्या शिरांवर तिनं कानस फिरवली आहे. ते सगळं सकाळी पाणी होऊन मुशीत पडेल आणि ती आयुष्यभर स्वतःला अडाणी समजेल.

पावणेदोन वाजलेत. फोन ती उशाशी ठेवते. पहिलं वाक्य ठरवलंय: डबा मी बाहेर काढला होता. त्याआधी दुसरं काही बोलले, तर हे राहूनच जाईल. नंबर लावते.