चूलबंद आवतन

आमचे थोरले साडू महाभारताच्या काळी असते, तर युद्ध झालंच नसतं. दोन्हीकडच्या सैन्याला त्यांनी आधी जेवायला बसवलं असतं, आजूबाजूच्या गावांनाही निरोप धाडले असते, आणि तिसऱ्या पंगतीला अन्न कमी पडलं म्हणून कौरव-पांडव एकदिलाने यजमानाला शोधत फिरले असते. यजमान अर्थात दुसराच कुणीतरी असता. माझ्या मुलीच्या लग्नात तो मी होतो.

साडू लोह्याजवळच्या एका खेड्यात राहतात. शेती आहे, विहिरीला पाणी आहे, पण माणसाचा जीव रमतो तो दुसऱ्याच्या लग्नातल्या चुलीपाशी. पंचक्रोशीत कुठेही मांडव पडला की हे आदल्या दिवशी डोक्याला रुमाल गुंडाळून हजर. त्याचा एक पैसा घेत नाहीत, त्यामुळे त्यांना कुणी नको म्हणू शकत नाही. वजनकाट्याशी त्यांचं जुनं वैर आहे. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढला. थेंब मोजल्याशिवाय मी बाटलीचं बूच उघडत नाही. आणि या माणसाला तांदूळ किती टाकायचा विचारलं की उत्तर येतं, लागंल तेवढा. मीठ ते चाखून बघत नाहीत. कढईवर वाकतात, डोळे मिटून वास घेतात आणि आणखी एक मूठ टाका म्हणतात. ती मूठ त्यांची की टाकणाराची, हेही सांगत नाहीत. सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा येतो की मीठ बरोबर निघतं.

दुसऱ्याच्या पोटाची एवढी काळजी मी सख्ख्या आईतही पाहिली नाही. फोन उचलला की हॅलो नाही, नमस्कार नाही, थेट “जेवलाव का?” बँकेतून कुणी बोलत असलं तरी तेच. माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी उपाशीपोटी राहायला बजावलं होतं. साडू पहिल्या एसटीने नांदेडला आले ते धपाटे आणि दही घेऊन. उपाशी माणसाला कापायचं म्हणजे काय, रक्त कुठून येणार त्याला, असा त्यांनी नर्सशी वाद घातला, आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली तेवढ्यात अर्धं धपाटं माझ्या तोंडात घातलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. धपाटं मात्र उत्तम होतं, खोटं कशाला बोलू.

असा माणूस मी माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक बघायला का नेमला, असं कुणीही विचारील. उत्तर सोपं आहे. आमची ऐपत नव्हती. नांदेडातल्या मंगल कार्यालयांचे भाव ऐकून मी घरी येऊन नुसतं पाणी प्यालो होतो. तेव्हा साडू म्हणाले, मांडव आमच्या शेतात टाकू. लाकूड घरचं, वांगी घरची, माणसं घरची. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, दाजी देवासारखे धावून आले म्हणाली. साडूंच्या ‘माणसं घरची’ या दोन शब्दांनी मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मी कागद घेऊन बसलो. येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, वांग्याची भाजी, पोळ्या, भात आणि बुंदी. दोनशे पत्रिका, प्रत्येक घरची दोन माणसं, लातूरहून येणारं शंभराचं वऱ्हाड, म्हणजे पाचशे पानं. लोह्याच्या खलीलभाईंना मांडव आणि पाचशे ताटं सांगितली. एक बुंदी कमी नाही, एक जास्त नाही, असा हिशोब मी केला आणि आयुष्यात प्रथमच स्वतःवर खूश झालो. निम्म्या पत्रिका साडूंनी वाटायला नेल्या.

लग्नाला चार दिवस असताना भोकरहून बायकोच्या एका लांबच्या मावसभावाचा फोन आला. आम्ही चौदा जण टेम्पो करून येतोय, घरी दोन पाहुणे आलेत त्यांनाही आणतोय, असं तो आनंदाने सांगत होता. चौदा ऐकून मी खुर्चीत बसलो. तेव्हा तो म्हणाला, “दाजीनं चूलबंद आवतन देल्यालं हाय न्हवं?”

आमच्या भागात आवतनं दोन तऱ्हेची. साधं आवतन म्हणजे घरटी एखाददुसरं माणूस. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही. म्हातारे, तान्ही पोरं, सालगडी, आलेला पाहुणा, सगळे आमच्याकडे. हे आवतन भावकीतल्या चारदोन घरांना देतात. चौकशी केली तेव्हा कळलं, साडूंनी नेलेल्या शंभरच्या शंभर पत्रिकांवर, वरच्या कोपऱ्यात, लाल शाईने ‘चूलबंद’ लिहिलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी त्यांचं गाव गाठलं. ते शांतपणे वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडत होते. एका माणसाला बोलावून बाकीच्यांना घरी बसवायचं म्हणजे त्या घराचा अपमान, हे त्यांचं म्हणणं. मी कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा न लावताच उलटा धरून पाहिला आणि परत दिला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “साडूभाऊ, येसराची आमटी हाय. मानसं वाढली की पानी वाढतंय. तुम्ही काळजी करून राहिलाव कशापायी?” त्या तीन रात्री मला झोप नव्हती. डोळा लागला की टेम्पो दिसायचे.

आणि टेम्पो आले. ट्रॅक्टर आले. ऊन असं की मांडवाच्या कापडाखालीही डोकं भाजत होतं. अक्षता पडल्या, पहिल्या पंगतीला निम्मं वऱ्हाड बसलं आणि आमटीचं नाव काढत उठलं. दुसऱ्या पंगतीला आमटी धावायला लागली. तिसरीला वाटीचा तळ दिसत होता. बुंदी संपत आली तसं साडूंनी वाढप्यांना शकुनापुरती वाढायला सांगितलं, म्हणजे पानावर चार दाणे. पाचशे ताटं दोनदा धुऊन परत आली तेव्हा खलीलभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “भाईसाब, और कितने आनेवाले हैं?” भात खरवडायचा आवाज मला मांडवाच्या या टोकाला ऐकू येत होता.

नेमकी तेव्हाच वऱ्हाडाची दुसरी गाडी आली. वाटेत बंद पडलेली. तीत नवऱ्या मुलाचे आजोबा, आत्या, थोरले चुलते, सगळी मानाची माणसं, सकाळपासून उपाशी. मांडवात शिजलेलं काही उरलं नव्हतं. माझी मुलगी हिरव्या चुड्यानिशी बोहल्यावर बसून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. ज्या घरात तिला आयुष्य काढायचं, त्या घराची माणसं तिच्या बापाच्या दारातून उपाशी जाणार होती.

माझा तोल गेला. चुलीपाशी जाऊन, चारचौघांत, मी साडूंना म्हणालो, “आधी माणसं मोजायला शिका, मग आवतनं द्या. माझ्या पोरीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही.”

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि वऱ्हाडाकडे गेले. आजोबांपुढे हात जोडून म्हणाले, “अन्न सरलंय बाबा. माझी चूक हाय, पोरीच्या बापाची न्हाई. अर्धा घंटा द्या.” मग ते गावात शिरले. पुढचं मी नुसतं बघितलं. आमच्या मांडवात जेवलेल्या बायका हात पुसत आपापल्या घरी गेल्या आणि ज्या चुली आमच्यासाठी बंद होत्या त्या त्यांनी पेटवल्या. कुणी परातीत भाकरी आणल्या, कुणी पिठलं, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी ताकाची कळशी. मानाचं वऱ्हाड लिंबाच्या सावलीत बसून पिठलं-भाकरी जेवलं. आजोबांनी पिठलं दोनदा मागून घेतलं. साडू मात्र वाढायला आले नाहीत. ते विहिरीच्या काठावर पाठ करून बसले होते.

मुलगी लातूरला सुखात आहे. घरी पिठलं झालं की तिचे आजेसासरे, सूनबाईच्या लग्नातल्यासारखं झालं नाही, म्हणून तिची थट्टा करतात, आणि ती मला फोनवर हसत सांगते. त्या दिवसाचा राग कुणाच्याच मनात राहिला नाही. हे साडूंना जाऊन सांगावं, जमलं तर माफी मागावी, असं मला किती वेळा वाटलं. लोहा काही लांब नाही, तासाभराचा रस्ता. पण मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो.

गेल्या महिन्यात तेच आले. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे. हळदकुंकू लावलेली पत्रिका त्यांनी माझ्या हातात दिली. मी वरचा कोपरा पाहिला, तो कोरा होता. त्यांनी खिशातून एक छोटी वही काढली, चष्मा लावला, पेनचं टोपण उघडलं आणि मान खाली घालून म्हणाले, “साडूभाऊ, तुमच्याकडचे किती जन धरू?”

त्या वहीत ओळीने नावं होती आणि प्रत्येक नावापुढे आकडा होता. बायको दारात येऊन उभी राहिली. मला म्हणायचं होतं, घराला कुलूप लावून येतो, लेक-जावयाला घेऊन येतो, शेजाऱ्यांनाही आणतो. पण त्यांचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

“दोन धरा,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या नावापुढे सावकाश दोन लिहिले.